अकोल्याच्या सहा फेऱ्या

वाचणाऱ्यायनो, रुमाल काढून बसले असान तं खिशात घाला. इथं 'हिरा हरपला', 'दिवा इझला' असं काई येनार नाई. ते सारं आमच्या हेडमास्तरनं कालच्या तेरवीत उभं राहून म्हनून टाकलं, अन् त्यात भानूचं नाव दोनदा चुकवलं. दुसरं म्हनजे, गोष्ट बॉक्सिंगची हाय म्हनून ज्यायले वाटते का शेवटी भानू जितते, त्यायनं आताच पान उलटवावं. भानू हरते. अकोल्याले, भर गर्दीत, सहाव्या फेरीत हरते. सांगून टाकलं. आता जाचं असन तं जा, नाईतर गपचूप बसा, कारन बाकीचं मी तुमाले सांगून नाई राहिलो. त्याले सांगून राहिलो.

भानूभाऊ, हवालदारकाकानं मले हे लिहाले लावलं. आखाड्याच्या हस्तलिखितात तुयावर दोन पानं पाहिजेत म्हने. "नकल्या, तू त्याच्या संगं राहाचा, तूच लिही. पन टवाळी करू नोको." आता मले टवाळी सोडून दुसरं येते काय? साऱ्या अमरावतीची नक्कल करतो मी. कचेरीतला नाझर पायऱ्या कसा चढते, स्टेशनावरचा पोर्टर जांभई कशी देते, हेडमास्तर 'मुलांनो' म्हनाच्या आंधी घसा कसा खाकरते. एक तुयी तेवढी कधी जमली नाई. कितीदा उभा राहिलो तुयासारखा, टोंगळे उलसे वाकवून, हनुवटी खाली घालून. पोट्टे म्हने, "हा कोन होय बे?" नक्कल कराले मानसात उलसं खोटं लागते, त्याले पकडून वर चढता येते. तुयात ते सापडे नाई. तू चाले तसा चाले, हासे तसा हासे. लय वैताग आनला तू मले.

हवालदारकाका पलटनीतून परत आला तेव्हा पेटीत मोज्यायचे दोन जोड घेऊन आला होता, याद हाय? असे फुगलेले, का आखाड्यातल्या बुढ्यायले वाटलं हिवाळ्यात हात गरम ठेवाले आनले असतीन. कुस्तीवाले हासले. काकानं मारुतीच्या मागं चार बल्ल्या गाडल्या, कापसाच्या जीनमधून जुनी दोरी आनून चहूकडून बांधली, अन् तरटाचं पोतं टांगलं. पोत्यात आंधी रेती भरली, तं बुक्की मारनाऱ्याचं मनगट मुरगळलं. मंग कापूस भरला, तं हात निरा आत घुसे. शेवटी तूच म्हनला, "काका, सरकी भरून पाहू." सरकी भरली अन् पोतं बरोबर मानसाच्या आंगासारखं झालं, दबेबी अन् उलटून लागेबी. त्या दिवशी काकानं तुयाकडे वेगळ्याच नजरेनं पाहिलं. तुमचा माळ्यायचा धंदा, वांगे, मेथी, हिरव्या सांबाराचा. साऱ्या घरात कोनी कधी कोनाले चापट मारली नसन. अन् तू मोजे घालून उभा राहिला.

आपला वाद तिथूनच सुरू झाला.

काका मोठमोठ्या चँपियनशिपायच्या गोष्टी सांगे. छावनीत त्यानं एक लढत पाहिली होती, एक दांडगा गोरा अन् एक ठेंगना गढवाली शिपाई. गोऱ्याची एक बुक्की लागली तं मानूस दोन दिवस उठे नाई. गढवाल्यानं त्याले पहिल्या सहा फेऱ्या नुसतं चालवलं. इकून तिकडे, तिकून इकडे. लोकायनं शिट्ट्या मारल्या, भेकड म्हनलं. सातव्यात गोऱ्याचे हात खाली आले, अन् आठव्यात ठेंगन्यानं त्याले झोपवलं.

"पाह्यलं?" मी म्हनलो. "डाव होय डाव! टाळक्यानं जितला."

"दमानं जितला बे," तू म्हनला. "आठव्या फेरीत त्याचे पाय चालून राहिले होते म्हनून डाव चालला. पाय नसते तं तुया डाव काय करे?"

"अन् डाव नसता तं दम काय करे? पळत राहे आठ फेऱ्या, मंग घरी जाये."

"तू एक बुक्की खाल्ली काय आजपर्यंत?"

"मी कायले खाऊ? मी इचार करनारा मानूस हाय."

तू इतका हासला का वट्यावरून खाली उतरून बसला.

दम तुयाजोळ होताच. मळ्यातून बाजारापर्यंत तू कावड घेऊन पळतच जाये. इकडच्या टोपल्यात वांगे, तिकडच्यात मेथी, चार पावलं श्वास आत, चार पावलं बाहेर. बाजारातल्या बाया म्हने, "भानूची मेथी नोको माय, रस्त्यातच निरी घुसळून येते." तुया मायनं तुले किती शिव्या दिल्या त्याच्यावरून! तरी तू पळे. अन् पळत पळत यवतमाळवाल्याले हरवलं, बुलढान्याच्या त्या लंबूले हरवलं. मंग चारी जिल्ह्यायतून दोघंच राहिले. तू, अन् अकोल्याचा जब्बार, तेलाच्या मिलमधे पिपे उचलनारा.

आता जे सांगतो ते तुले मी कधी सांगितलं नाई. दोन वर्षं झाली.

अकोल्याले माया मामा राहते. लढतीच्या महिनाभर आंधी काका म्हनला, "नकल्या, तू मामाकडे जाय. तीन दिवस त्या जब्बारच्या आखाड्याजोळ बस. कसा उभा राहते, कसा श्वास घेते, बुक्की माराच्या आंधी काय करते, सारं पाहून ये. अन् इथं येऊन भानूपुढं जब्बार होऊन उभा राह्य." मले जनमात पहिल्यांदा कोनी नकलेचं काम दिलं होतं. आजपर्यंत नक्कल केली का छडी भेटे.

मी गेलो. तिन्ही दिवस संध्याकाळी भिंतीवर बसून भजे खाल्ले अन् जब्बारले पाहिलं. खरं सांगतो, लय चांगलं पाहिलं. त्याचा डावा पाय मागं घसटे. श्वास तो नाकानं घे, अन् सोडे तेव्हा बैल पान्यात फुरफुरते तसा आवाज करे. डोकं खांद्यायच्या मधी घालून ठेवे, मान हाय का नाई ते समजे नाई. पन बुक्की माराच्या आंधी तो काईच करे नाई. तेच तं त्याचं भारी होतं. हात कधी निघाला ते दिसे नाई, पोहोचला का मंगच दिसे.

परत आलो. सारा आखाडा जमला. कुस्तीवालेबी मातीतले आंग घेऊन येऊन बसले. मी डावा पाय घसटला, फुरफुर केली, मान गायब केली. लोक हासले. पन मले जेवढं पाहिजे होतं तेवढं नाई हासले. तुले माहीत हाय माया सोभाव, लोक मधीच थांबले का माया आंगावर काटा येते. मी जब्बारची बुक्की मारली, ती दिसलीच नाई, तं कोनी हासलंच नाई. मंग काय झालं काय माहीत, मी आपल्या शाळेतल्या ड्रिल मास्तरचा खांदा काढला. ते 'सावधान' म्हनाच्या आंधी उजवा खांदा असा वर उडवते, म्हशीच्या आंगावर माशी बसल्यासारखा. मी जब्बार झालो, खांदा उडवला, अन् बुक्की मारली.

आखाडा फुटला हासून. एका पहेलवानाले ठसका लागला.

तू नाई हासला. तू पुढं येऊन उभा राहिला अन् म्हनला, "हे पुन्हा कर."

मी पुन्हा केलं.

"खांदा दरवेळेस उडते?"

तेव्हा 'नाई' म्हनाले एक श्वास लागला असता, भानूभाऊ. एकच. पन सारे मायाकडे पाहून राहिले होते, अन् मी नुकताच त्यायले हासवलं होतं. मी म्हनलो, "हाव. दरवेळेस."

काकाच्या डोयात चमक आली. "मंग झालं! खांदा उडला का डावीकडे सरकाचं, अन् खालून बरगडीत द्याची." अन् तू मायाकडे पाहून म्हनला, "घे बे, तू जितला. डावानंच जाऊ या."

आपल्या वादात तू एकदाच हार मानली, अन् तेबी खोट्या खांद्यावर.

महिनाभर रोज मी जब्बार झालो. खांदा उडवो अन् तू सरके. खांदा उडवो अन् तुया मोजा माया बरगडीजोळ येऊन थांबे, उलसाबी लागे नाई. किती सांभाळून मारे तू! शेवटी शेवटी मी खांदा उडवाचा इचार केला तरी तू सरकलेला राहे. आखाड्यातले लोक टाळ्या वाजवत. मले रात्री जेवन जाये नाई. माय इचारे, "काय झालं रे, पोट दुखते काय?" मी म्हनो, "हाव." ते खोटं नव्हतं.

सांगाचं होतं. बडनेऱ्याहून सकाळच्या गाडीत बसलो, तू खिडकीजोळ, काका समोर पेपर तोंडावर घेऊन घोरून राहिला होता. मूर्तिजापूर गेलं. मी म्हनलो, "भाऊ, त्या खांद्याचं..."

"खांदा आला का मी गेलो," तू म्हनला, अन् हाताची दोन बोटं डावीकडे सरकवून दाखवली. मंग डब्बा उघडून मले अर्धी भाकर दिली. तुया मायनं ठेच्यात लसून जास्त टाकला होता. मी खाल्ली. तोंड भरलं होतं म्हनून बोललो नाई, असं मी पुढं लय दिवस सोताले सांगितलं.

अकोल्याचं ऊन तं तुले माहीत हाय. उन्हाळ्यात जीन बंद राहते, म्हनून जीनच्याच आवारात दोरी बांधली होती. टिनाच्या छपरावर पोट्टे बसले होते, त्यायचे पाय भाजून राहिले होते तरी उतरून नाई राहिले. घंटा म्हनून रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगला होता. सहा फेऱ्या, तीन तीन मिनिटायच्या. तू आंधी जाऊन जब्बारच्या उस्तादच्या पाया पडला, जब्बार येऊन काकाच्या पाया पडला. मंग रूळ वाजला.

पहिल्या फेरीत तू त्याच्या खांद्याकडे पाहत राहिला. खांदा काई उडला नाई. हात आला, तुया गालावर बसला. तू पुन्हा पाहिलं. हात पुन्हा आला. टिनावरचे पोट्टे नाचाले लागले. फेरी संपली, तू कोपऱ्यात स्टुलावर बसला. काकानं ओला टावेल मानेवर ठेवला, मी लिंबू पुढं केला. तू लिंबू घेतला नाई. मायाकडे पाहिलं.

"खांदा हालून नाई राहिला बे त्याचा."

भानूभाऊ, गाडीत तोंडात भाकर होती. तिथं काय होतं माया तोंडात? काई नव्हतं. मोकळं तोंड होतं. अन् मी म्हनलो, "थांब, हालन."

तू मान हालवली अन् गेला. मायावर भरोसा ठेवून आनखी तीन मिनिटं मार खाल्ला. दुसऱ्या फेरीत तुया डावा डोया सुजला, इतका का पापनी दिसे नाई. तू परत येऊन बसला. या वेळेस काईच इचारलं नाई. फक्त पानी मागितलं.

त्याच्या पुढचं मले माहीत नाई. मी पाहिलंच नाई, अन् मंग कोनी त्या लढतीचं सांगाले लागलं का मी तिथून उठून जावो. बादलीजोळ बसलो, टावेल पिळत राहिलो, अन् बादलीतल्या पान्याकडे पाहत राहिलो. वरून लोक वरडत, मी समजो का आनखी एक लागली. प्रत्येक वरडण्याले माया मनात एकच, हे मी केलं. हे मी केलं. तू येऊन बसे, मी लिंबू देवो, तुया तोंडाकडे पाहो नाई. सहावी फेरी संपली तेव्हा काकानं माया खांद्यावर हात ठेवला, म्हनला, "उठ. त्याले धर." तू उभाच होता. पडला नाई. पंचानं जब्बारचा हात वर केला, अन् तू मोज्यासकट टाळ्या वाजवल्या, त्याचा आवाज असा थप थप आला, मळ्यात भिजलेलं पोतं झटकल्यासारखा.

परतीच्या गाडीत काकानं इचारलं, "नकल्याचा खांदा कुठी गेला रे भानू?"

तुये ओठ सुजले होते, तू फुगलेल्या तोंडानं म्हनला, "खांद्याचं सोडा काका. दम कमी पडला."

झालं. त्याच्यावर तू कधी एक शब्द काढला नाई. लोकायनं इचारलं तरी, दम कमी पडला. तुया बापानं इचारलं तरी, दम कमी पडला. मी एकदा मुद्दाम, तुया रागाची परीक्षा घ्याले म्हनलो, "डाव चुकला भाऊ, दमाचं काय घेऊन बसला?" तुले आठवते, तू मोटीवर होता. बैल थांबवले अन् म्हनला, "दोन श्वास. दोन श्वास कमी पडले. त्याच्यासाठी मी दोन कोस जास्त पळून राहिलो, अन् तू डाव डाव करतं." मी समजलो, एक तं याले काई समजलंच नाई, नाईतर सारं समजलं अन् हा मले वाचवून राहिला. दोन्हीपैकी कोनतं वाईट ते मले आजपर्यंत ठरवता आलं नाई. म्हनून मी वाद घालत राहिलो. डाव चुकला, डाव चुकला. मले वाटे, तू चिडून एकदा तरी म्हनशीन, "हाव, डाव चुकला, अन् तो तुया होता." तू म्हनला नाई. तू पहाटे उठून पळे. दिवाळीनंतर जब्बारसंगं पुन्हा लढाचं ठरलं होतं.

पोळ्याच्या आठ दिवस आंधी तू पडला. मुदतीचा ताप. तू पडला म्हनजे काय ते साऱ्यायले समजे नाई, तू तं कधी पडत नव्हता. पोळ्याले तुये बैल मीच सजवले, झूल उलटी टाकली, तुया मायनं पुन्हा सरळ केली. संध्याकाळी तुयाजोळ बसलो. आंग तं चुलीसारखं तापलं होतं. तू म्हनला, "काई तरी कर बे. कोनाची तरी कर."

नाझर केला. पोर्टर केला. तू डोये मिटून ऐके.

"जब्बार कर."

मी उभा राहिलो. पाय घसटला. फुरफुर केली. मान घातली आत. अन् बुक्की मारली. खांदा उडवला नाई. दोन वर्षांत पहिल्यांदा खरा जब्बार केला, सरळ, कोनी हासन नाई असा.

तू डोये उघडले. लय वेळ पाहिलं मायाकडे. मंग म्हनला, "चांगली झाली." अन् पानी मागितलं.

चांगली झाली म्हनजे काय, भानूभाऊ? मी तुया उशाजोळ बसून वाट पाहिली, तू पुढं काई म्हनशीन. तू झोपला. चौथ्या दिवशी तू गेला.

काल तुयी तेरवी झाली. दुपारी पंगत बसाच्या आंधी दारात एक मानूस येऊन उभा राहिला, धुतलेला पांढरा सदरा, डावा पाय उलसा मागं. साऱ्यायच्या आंधी मी ओळखलं. अकोल्याहून गाडीनं आला होता. लोक एकमेकायकडे पाहाले लागले, का आता याले कुठी बसवाचं. तुयी माय बाहेर आली. "तूच काय तो जब्बार? माया पोराच्या तोंडावर मारनारा?" तो मान खाली घालून उभा. "हाव, अम्मा." तुयी माय म्हनली, "मंग उभा कावून? बस. एवढ्या दूरून आला, उपाशी जाशीन काय?" अन् सोताच्या हातानं पाट मांडला.

जेवल्यावर तो हात धुवाले विहिरीकडे गेला. मी मागं गेलो. त्याच्या हातावर पानी टाकता टाकता सारं सांगून टाकलं. भिंतीवरचे भजे, ड्रिल मास्तर, 'दरवेळेस', 'थांब, हालन', सारं. शेवटी म्हनलो, "जब्बारभाई, तुमी जितले ते माया त्या खांद्यानं जितले. तो नसता तं भानूभाऊच चँपियन होता. मीच हरवलं त्याले."

मले वाटलं हा मले जोळ घेईन. किंवा एक ठेवून देईन. दोन्हीची तयारी होती.

त्यानं हात सदऱ्याले पुसले. "दो साल से ये पेट में लेके फिर रहा?"

"हाव."

"त्याले सांगितलं?"

"नाई."

"अबे गधे," तो हळूच म्हनला, कारन पलीकडे बाया भांडे घासून राहिल्या होत्या. मंग त्याचा आवाज चढला. "मी दिवसभर पिपे उचलून पहाटे तलावाले चकरा मारो, ते कायच्यासाठी? तू इथं खांदा उडवशीन अन् मी जितीन म्हनून? पहिल्या फेरीत तो माया खांद्याकडे पाहे, मले वाटलं खांद्यावर इंगळी चढली काय! दुसरीतबी पाहे. तिसरीत त्यानं पाहनं सोडलं. एकाच डोयानं माया डोयात पाहिलं, अन् हासला. त्या हासण्याले मी भेलो, समजलं? चौथीत त्यानं मले दोरीले लावलं. अन् पाचवी! पाचवी निरी त्याची होती, साऱ्या अकोल्याले इचार. मले वाटलं आता मी पडतो. माया उस्ताद रडून राहिला होता. तू कुठी होता?"

"बादलीजोळ."

"काय करत?"

"पान्यात पाहत."

"पान्यात!" पलीकडचे भांडे थांबले. "तुया दोस्त जिंदगीतली सगळ्यात भारी फेरी खेळून राहिला, लोक त्याच्यासाठी वरडून राहिले, माये लोक, अकोल्याचे लोक, अन् तू पान्यात पाहे? अन् आता मले सांगते का मी हरवलं त्याले! अबे, तू कोन त्याले हरवनारा? सहावीत त्याच्याजोळ श्वास नव्हता अन् मायाजोळ दोन होते. दोनच. ते दोन मी मेहनतीनं कमावले होते, अन् बाकीचे सारे त्यानं मायाकून काढून घेतले होते. चोर हाय तू. त्याची हार चोरून राहिला, अन् मायी जीत. पहिल्या दोन फेऱ्या तुले पाहिजेत तं घे, तुयाच हायेत त्या, जनमभर घेऊन फिर. पन बाकीच्या चार आमच्या दोघायच्या होत्या, त्यात तिसरा कोनी नव्हता. त्या चारीत पाय ठेवशीन तं याद राख."